क्ष बरोबर क्ष अधिक एक

तुळसाबाईंनी लाल पेनाचं टोपण काढलं आणि अरुंधतीच्या पुस्तिकेतल्या सातव्या पानावर, चौथ्या ओळीवर, ठळक फुली मारली.

मारून झाल्यावर त्या स्वतःच दचकल्या. पेन घाईनं बंद करत म्हणाल्या, "माफ करा मॅडम. हाताची सवय आहे. बावीस वर्षं वह्याच तपासून राहिली ना."

अरुंधतीनं वाकून पाहिलं. फुलीखाली ओळ होती: क्ष = क्ष + १.

"ही चूक नाहीये, बाई."

"माझ्या वर्गात कोणी लिहिली असती तर मी शून्य दिलं असतं," तुळसाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "कोणता आकडा स्वतःपेक्षा एकानं मोठा राहते? मले सांगा ना."

शेजारच्या टेबलावरचे दोघं हसले. खिडकीतला कूलर पाण्याच्या थेंबांसकट वारा फेकत होता आणि पुस्तिकेची पानं फडफडत होती. अरुंधतीनं पानावर हात ठेवला. "मी समजावून सांगते," ती म्हणाली.

सत्त्याऐंशी सालचा मे महिना होता. नागपूरच्या धरमपेठेतल्या एका संस्थेच्या संगणक केंद्रात जिल्ह्यातल्या बारा शाळांचे बारा शिक्षक तीन आठवड्यांच्या वर्गासाठी आले होते. यंत्रं चार. एकेका यंत्रासमोर तिघं बसायचे. बाराही जणांनी त्याआधी संगणक फक्त वर्तमानपत्रातल्या चित्रात पाहिलेला. शेवटच्या शनिवारी शाळांना संगणक द्यायच्या सरकारी योजनेचे एक अधिकारी येणार होते. त्यांच्यासमोर जो शिक्षक पुस्तिकेतला खेळ स्वतः लिहून चालवून दाखवेल, त्याच्या शाळेला जूनमध्ये एक यंत्र मिळणार होतं.

खेळ साधा होता. यंत्र एक ते शंभरमधला एक आकडा मनात धरतं. खेळणाऱ्यानं तो ओळखायचा. चुकला तर पडद्यावर येतं, वाढवा किंवा कमी करा. बरोबर आला की येतं, शाबास, आणि किती खेपांत ओळखला तो आकडा. खेपा मोजण्यासाठीच ती ओळ होती. दर खेपेला क्ष एकानं वाढायचा.

पुस्तिका अरुंधतीनं लिहिली होती. ती सव्वीस वर्षांची होती, एम.एस्सी. झालेली, केंद्रात शिकवायला लागून दीडच वर्ष झालं होतं. बाजारात मिळणारी पुस्तकं इंग्रजीत होती आणि वाचणाऱ्याला अर्धं आधीच येतं असं धरून चाललेली. तिनं ठरवलं होतं, ज्याला काहीही येत नाही अशा माणसासाठी मराठीत लिहायचं. अख्खा हिवाळा त्यात गेला. केंद्राचे प्रमुख शरच्चंद्र वझलवार यांनी ती वाचून म्हटलं होतं, "उत्तम. याहून सोपं करताच येणार नाही." या वर्गानंतर पुस्तिका छापायला जाणार होती; तोवर शिक्षकांसाठी तिच्या सायक्लोस्टाइल प्रती काढल्या होत्या.

तुळसाबाई रामटेके पारशिवनीच्या पुढच्या एका गावात गणित शिकवायच्या. वय बेचाळीस. सुट्टीत उन्हातान्हाचं नागपूरला जायला शाळेतलं दुसरं कोणी तयार झालं नाही म्हणून मुख्याध्यापकांनी त्यांचं नाव दिलं होतं. नागपुरातच इंदोऱ्याला बहिणीकडे राहायच्या आणि सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन केंद्राच्या पायरीवर बसायच्या.

"हे समीकरण नाही, बाई," अरुंधतीनं पहिल्या दिवशी सांगितलं. "हा हुकूम आहे. आपण यंत्राला सांगून राहिलो, की क्षमध्ये एक मिळव."

"हुकूम आहे तर मधात बरोबरचं चिन्ह काहून?"

अरुंधतीनं ओळीखाली बोट ठेवलं. "तशी पद्धत आहे."

"बरं," तुळसाबाई म्हणाल्या. ते 'बरं' पटलेलं नव्हतं, दोघींनाही ते कळलं.

दुसऱ्या दिवशी अरुंधती घरून स्टीलचा डबा घेऊन आली. डब्यावर कागद चिकटवून त्यावर क्ष लिहिलं. आत पाच लिहिलेली चिठ्ठी टाकली, ती काढली, वाचली, एक मिळवला, नव्या चिठ्ठीवर सहा लिहून ती आत टाकली, झाकण लावलं.

तुळसाबाईंनी झाकण उघडून आत पाहिलं. "आधी पाच होते. आता सहा आहेत."

"हो."

"मग बरोबर कोण कोणाच्या? पाच बरोबर सहा?"

अरुंधतीला हसू आलं, आणि ते पुरतं ओठावर येण्याआधीच गेलं. बाई थट्टा करत नव्हत्या. त्यांच्या कपाळावर घामाचे बारीक मणी आले होते आणि त्या डब्याकडे असं पाहत होत्या, जसं वर्गातली हुशार मुलगी एका गणितापाशी अडली की पाहते.

तिसऱ्या दिवशी तिनं वयाचं उदाहरण घेतलं. दर वाढदिवसाला वय एकानं वाढतं. नवं वय म्हणजे जुनं वय अधिक एक. तुळसाबाईंनी बराच वेळ विचार केला.

"वय आपोआप वाढते, मॅडम. मी काही नाही केलं तरी वाढते. हे तर मी लिहिलं म्हणून वाढून राहिलं. मग वाढवते कोण? जुनं पुसते कोण?"

"यंत्र."

"त्याले कसं समजते, हे पुसायचं अन् हे ठेवायचं?"

या प्रश्नाचं उत्तर अरुंधतीला येत होतं. स्मृती, पत्ता, जागा, सगळं येत होतं. पण ते सांगायला आणखी चार शब्द लागले असते, आणि त्या चार शब्दांना आणखी सोळा. तिनं कोरा कागद पुढं ओढला.

दुसरा आठवडा संपेपर्यंत तिनं सातवं पान अकरा वेळा लिहिलं होतं. सकाळी चहा घेताना ती कोऱ्या कागदावर तीच ओळ काढायची आणि तिच्याकडे अशी पाहायची, जणू आपण तुळसाबाई आहोत. इतक्या वेळा पाहिल्यावर तिला स्वतःलाही ती ओळ खोटी वाटायला लागली. जी गोष्ट कधी शिकल्याचंही आठवत नाही, ती शिकवायची कशी? आपल्याला ती कधी कळली, कुठल्या दिवशी, कशामुळे, ते तिला किती आठवूनही सापडेना. कोणी विचारलंच नव्हतं. तिनंही कोणाला विचारलं नव्हतं.

बाकीचे अकरा जण पुढे गेले होते. त्यांचे खेळ चालत होते. कन्हानच्या शाळेचे कवडू बोरकर सर तर डोळे मिटून लिहितो म्हणायचे. त्यांच्या पडद्यावर 'शाबास' आलं की ते मागं वळून सगळ्यांना नमस्कार करायचे.

एकदा अरुंधतीनं त्यांना सहज विचारलं, "सर, सुरुवातीला क्षची किंमत शून्य ठेवलीय. तिथे दहा लिहिलं तर काय होईल?"

बोरकर सरांनी पुस्तिका उघडून दाखवली. "दहा नाही लिहायचं ना मॅडम. पुस्तकात शून्य आहे."

"पण लिहिलं तर?"

"काहून लिहायचं पण? चालून राहिलं ना बरोबर."

तिनं आणखी दोघांना विचारलं. एक पुस्तिकेची पानं चाळू लागला. दुसरा म्हणाला, समजलं मॅडम, सगळं समजलं, फार सोपं लिहिलं तुम्ही. त्या दुपारी अरुंधती बराच वेळ पाण्याच्या माठापाशी पेला हातात धरून उभी राहिली. बारा जणांपैकी एकीलाच समजलं नव्हतं असं ती पंधरा दिवस धरून चालली होती.

अधिकारी येण्याच्या आदल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत दोघी व्हरांड्यात बसल्या. तुळसाबाईंनी भाकरी आणि वांग्याची भाजी आणली होती, त्यातली अर्धी त्यांनी न विचारता अरुंधतीच्या डब्याच्या झाकणात वाढली.

"बाई," अरुंधती म्हणाली. बोलताना तिचं लक्ष भाजीकडे होतं. "उद्यापुरतं पाठ करा. एकोणीस ओळी आहेत. समजण्याचं नंतर पाहू."

तुळसाबाईंनी घास खाली ठेवला.

"पाठच करायचं होतं तर मी इतके दिवस तुमचं डोकं काहून खाल्लं असतं?"

"सगळ्यांनी तेच केलंय."

"मले माहीत आहे." त्यांनी अंगणातल्या कडुनिंबाकडे पाहिलं. "मी लहानपणी पाठच करत होती. अकरा वर्षांची असताना, छप्पनमध्ये, वडिलांसोबत इथं आली, दीक्षेला. पायी आलो. परत जाताना ते म्हणाले, आता तुले शाळेत काही नाही समजलं तर उठून विचारायचं. भ्यायचं नाही. तोवर आम्ही मागं बसत होतो, आमाले कोणी विचारू देत नव्हतं. मी विचारलं, अन् मास्तरनं सांगितलं. तेव्हापासून मी पाठ करणं सोडलं."

अरुंधतीनं झाकणातली भाकरी मोडली.

"पण यंत्र आलं पाहिजे," तुळसाबाई म्हणाल्या. "आमच्या शाळेत आठवीत एक्केचाळीस पोरं-पोरी आहेत. त्यायले पाहाले तरी भेटलं पाहिजे." आणि त्यांनी पुस्तिका मांडीवर ओढून पहिली ओळ पुटपुटायला सुरुवात केली.

शनिवारी योजनेचे अधिकारी वेळेवर आले. सफारी घातलेले, मृदू बोलणारे गृहस्थ होते. वझलवार सर त्यांना एकेका यंत्रापाशी घेऊन जात होते. तुळसाबाईंची पाळी नववी होती. त्या खुर्चीवर ताठ बसल्या, पदर खोचला आणि एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, एकोणीस ओळी लिहिल्या. एकही चूक नव्हती. चौदावी, क्ष बरोबर क्ष अधिक एकची ओळ लिहिताना त्यांचं बोट क्षणभर अधांतरी थांबलं, मग खाली आलं. खेळ सुरू झाला. अधिकाऱ्यांनी पन्नास सांगितलं. कमी करा. पंचवीस. वाढवा. सहाव्या खेपेला पडद्यावर 'शाबास' आलं.

"वा, रामटेके बाई!" अधिकारी म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अरुंधतीनंही वाजवल्या.

मग सह्यांचा कागद फिरला. छापील होता. आठ जणांनी उभ्याउभ्याच सही केली होती. तुळसाबाईंनी चष्मा लावला आणि कागद वाचला. मग पुन्हा वाचला.

"साहेब, इथं लिहिलं आहे, हे मला नीट समजले असून मी ते विद्यार्थ्यांना शिकवू शकेन."

"हो. खाली सही करा."

"हे खोटं होईल, साहेब."

सही करून झालेले आठ जण वळून पाहू लागले.

"अहो बाई, आत्ताच तर तुम्ही चालवून दाखवलंत," अधिकारी हसून म्हणाले. "कागद काय, नुसता रिवाज असतो."

"खेळ चालला. काहून चालला ते मले माहीत नाही. मी पाठ केलं. उद्या एखादी पोरगी उठून विचारीन, तर तिले काय सांगू? खाली बस म्हणू?"

अधिकाऱ्यांनी वझलवार सरांकडे पाहिलं. सरांचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी अरुंधतीकडे पाहिलं.

"बाई संकोची आहेत. शिकवलं आमच्या पाध्ये मॅडमनी, पुस्तिकाही त्यांचीच. त्याच सांगतील. मॅडम, बाईंना येतं की नाही?"

सगळे तिच्याकडे पाहत होते. बोरकर सर पाहत होते, अधिकारी पाहत होते. कोपऱ्यातल्या टेबलावर पुस्तिकेचं हस्तलिखित होतं, लाल फीत बांधून छापखान्यात जायला तयार. एक शब्द बोलला की गावातल्या एक्केचाळीस मुलांना यंत्र मिळणार होतं. चांगलाच शब्द होता तो.

"येतं, सर," अरुंधती म्हणाली.

तुळसाबाईंनी चष्मा काढला. त्या रागावल्या नाहीत. नुसतं पाहिलं तिच्याकडे.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "तुम्ही तरी नका."

आणि त्यांनी पेन कागदावर आडवं ठेवून तो कागद पुढच्या माणसाकडे सरकवला.

पुढचं सगळं लवकर आटोपलं. अधिकाऱ्यांनी यादीतल्या एका नावापुढे काहीतरी खूण केली. चहा आला, बिस्किटं आली. अरुंधती व्हरांड्यात आली तेव्हा तुळसाबाई पिशवी भरत होत्या. बसस्टँडवर पोचायचं होतं, पारशिवनीची गाडी चारची होती.

"बाई, मला..." अरुंधती म्हणाली. तिचे डोळे भरून आले, केंद्राच्या दारातच, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर.

तुळसाबाईंनी पिशवी खाली ठेवली.

"रडून काहून राहिली वं?" त्या म्हणाल्या. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच त्यांनी तिला मॅडम म्हटलं नव्हतं. "तू तर सांगितलं ना सारं. अकरा डाव सांगितलं. मलेच नाही समजलं." त्यांनी पदराच्या टोकानं तिचा गाल पुसला, वर्गातल्या मुलीचा पुसावा तसा. मग पिशवी उचलून फाटकाबाहेर गेल्या.

जूनच्या शेवटी पुस्तिका छापून आली. मुखपृष्ठावर अरुंधतीचं नाव होतं. सातवं पान तसंच होतं. ते बदलायचंय असं तिनं वझलवार सरांना सांगितलं होतं, पण कशानं बदलायचं हे तिला सांगता आलं नव्हतं. योजनेच्या अहवालात लिहिलं होतं, बारापैकी अकरा शिक्षक यशस्वी. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या.

जुलैत ती कन्हानला जाऊन आली. यंत्र मुख्याध्यापकांच्या खोलीत होतं, भरतकाम केलेल्या कापडाखाली. बोरकर सरांनी कौतुकानं कापड उचललं आणि परत झाकलं. मुलं हात लावतात, म्हणून खोलीला कुलूप असतं, ते म्हणाले.

त्यानंतरच्या आठवड्यात केंद्राच्या पत्त्यावर एक आंतरदेशीय पत्र आलं. अक्षर मोठं, सरळ आणि फळ्यावर काढल्यासारखं होतं.

'सौजन्यमूर्ती पाध्ये मॅडम यांना, तुळसा रामटेके हिचा नमस्कार. पत्र लिहिण्यास कारण की, पंधरा दिवसांपूर्वी सकाळी वर्गात एक गोष्ट घडली ती तुम्हास कळवावी असे वाटले. आमच्याकडे फळ्याच्या कोपऱ्यात रोजची हजेरी लिहितात. मी "हजर ३७" असे लिहून शिकवण्यास सुरुवात केली. इतक्यात रुख्मिणी नावाची मुलगी उशिरा आली. मी ३७ पुसले आणि ३८ लिहिले. लिहिले, आणि माझा हात तिथेच थांबला. मी आत्ता काय केले ते मी पाहू लागले. आधी तिथे काय आहे ते वाचले. त्यात एक मिळवला. जुने पुसले. नवे त्याच जागी लिहिले. जागेचे नाव बदलले नाही, हजर ते हजरच. पुसणारी मी, लिहिणारीही मीच. हजर बरोबर हजर अधिक एक. मी खडू धरून इतका वेळ उभी राहिले की मुले हसू लागली. मग मला तुमचा डबा आठवला. डबा बरोबर होता, मॅडम. मी त्यात भलतेच शोधत होते.

आता मी रोज उशिरा येणाऱ्या मुलांना रागावत नाही. त्यांनाच पुढे बोलावून फळ्यावरचा आकडा बदलायला लावते आणि काय केलेस ते सांग म्हणते. सात जणांना हे सांगता येते. एकीने विचारले, कोणी लवकर घरी गेले तर उणे एक का? तिला मी हो म्हटले, बरोबर ना?

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मी समजले ते तेच आहे का? आणि यंत्र मागण्याची मुदत आता गेली का? कृपया उलटटपाली कळवावे.'

अरुंधती पत्र घेऊन वझलवार सरांच्या खोलीत गेली. त्यांनी ते उभ्यानं वाचलं, मग बसून पुन्हा वाचलं.

"सुंदर आहे," ते म्हणाले. खरंच म्हणाले. "हे पुस्तिकेत असायला पाहिजे होतं."

"घालता येईल?"

"छापून, वाटून झालं ना." त्यांनी पत्राची घडी घातली.

"आणि त्यांच्या शाळेचं?"

"यादी मुंबईला गेली, अरुंधती. अकराच यंत्रं आली होती, ती वाटली गेली. पुढं कधी योजना निघाली तर..." त्यांनी पत्र तिच्या हातात परत दिलं.

ती आपल्या टेबलाशी येऊन बसली. शेजारच्या खोलीत नवा वर्ग सुरू होता, कोणीतरी मोठ्यानं ओळी वाचत होतं आणि बाकीचे मागून म्हणत होते. तिनं कार्ड पुढं ओढलं. वर तारीख घातली, 'ती. तुळसाबाईंना सा. न.' असं लिहिलं. मग जास्त विचार न करता पहिला शब्द लिहिला, 'हो'.

पेन उचलून तिनं पत्र पुन्हा उघडलं, बाईंनी आधी काय विचारलं होतं ते पाहायला. दोन्ही प्रश्न एकापाठोपाठ एक होते, आणि 'हो' दोन्हींना लागू पडत होता. 'हो'च्या पुढं आणखी काहीतरी लिहायला हवं होतं, म्हणजे तो कोणत्या प्रश्नाचा ते बाईंना कळलं असतं. ती बराच वेळ त्या एका शब्दाकडे पाहत बसली.